बॅग नंतर भरा, आधी हिमोग्लोबिन बघा

काकूंच्या बायपासची तारीख ठरली आणि घरात पहिला प्रश्न निघाला, बॅग कोणती न्यायची? म्हणून हे लिहायला बसलो. बॅग कोणतीही न्या. चादर, थर्मास, चार्जर हे सगळ्यांना कळतं, आणि विसरलं तरी दवाखान्याच्या दारात मिळतं. हिमोग्लोबिन दारात मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना परभणीहून संभाजीनगरला नेलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद, शिवाय एक झडप बदलायची होती. मी मेडिकलवाला माणूस, लोहाच्या गोळ्या रोज दहा जणींना देतो. आणि अण्णांच्या फाईलमध्ये अडीच महिने हिमोग्लोबिनचा ९.२ हा आकडा पडून होता, शेजारी ठळक खूण, कमी असल्याची. मी अँजिओग्राफीची सीडी सांभाळली, रेशनकार्ड सांभाळलं, महात्मा फुले योजनेची मंजुरी सांभाळली. तो कागद उलटून बघितला नाही. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या मॅडमनी फाईल चाळली आणि एवढंच विचारलं, "हे कधीपासून आहे?" मला थुंकी गिळवेना.

तर पहिलं काम, आणि खरं म्हणजे हेच काम: ऑपरेशनचं नाव निघालं त्याच आठवड्यात हिमोग्लोबिन बघा. भरती होताना नाही, निदान चार आठवडे आधी. पुरुषाचं १३ च्या खाली, बाईचं १२ च्या खाली असेल तर ते कमीच. "वयामुळं असतं तेवढं" म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावा. सोबत फेरिटिन करून घ्या, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ते कळतं.

एवढा घोळ का घालतोय? ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन असतं, त्याच्या नळ्या कोरड्या जोडत नाहीत. त्यात आधी लिटर-दीड लिटर सलाईनसारखं द्रव भरलेलं असतं आणि ते पेशंटच्याच रक्तात मिसळतं. अण्णा ५५ किलोचे, अंगात रक्त पावणेचार लिटरच्या आसपास. त्यात सव्वा लिटर पाणी गेलं की ९.२ चे होतात ६.९, तेही हृदयाला हात लागायच्या आधी. १३ असते तर पावणेदहा राहिले असते. घट्ट वरणात तांब्याभर पाणी पडलं तर वरण राहतं, आमटीत पडलं तर नुसतं पाणी. म्हणून किडकिडीत माणसाचं, त्यातही घरातल्या बायांचं हिमोग्लोबिन आणखी लवकर बघा. मशीन न लावता, धडधडत्या हृदयावर बायपास होते हे खरं, आपल्याकडे बरीच होतेही. पण झडप बदलायची तर मशीन आलंच.

"कमी असेल तर चढवतील की दोन बाटल्या!" हे आमच्या दाजींचं वाक्य. अण्णांना पाच लागल्या. रक्त म्हणजे टॉनिक नाही, दुसऱ्याच्या शरीराचा तुकडा आहे तो. २०१७ साली आलेल्या ट्रिक्स-३ या हृदयाच्या ऑपरेशनवरच्या अभ्यासात जवळजवळ पाच हजार पेशंट होते. ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले लोक ९.५ ला दिलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. त्याआधी २०१५ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात मात्र रक्त देताना हात आखडलेल्या गटात तीन महिन्यांत मृत्यू थोडे जास्त दिसले होते. म्हणजे डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत, पेशंट बघतात. तो निर्णय त्यांचा. आपलं काम, ती वेळ येऊ न देणं.

लोहाची गोळी सावकाश काम करते, म्हणून चार आठवडे म्हणालो. चहासोबत घेऊ नका, निम्मी वाया जाते. दिवस कमी उरले तर शिरेतून लोह देतात. झुरिकच्या २०१९ च्या अभ्यासात तर आदल्या दिवशी शिरेतून लोह, एरिथ्रोपोएटिन (शरीराला रक्त बनवायला लावणारं औषध), बी-१२ आणि फॉलिक ॲसिड देऊनही रक्त कमी लागलं. पण त्याच्या भरवशावर राहून फाईल बंद ठेवू नका! आणि रक्त कमी का झालं ते शोधा. ॲस्पिरिनवर वर्षं काढलेल्या माणसाला पोटातून झिरपत असतं. शौच काळी होते का, मूळव्याध आहे का, हे लाजेकाजेनं कोणी सांगत नाही. लोह सुरू करण्याआधीच विचारा, कारण त्या गोळीनंही शौच काळी होते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस, प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. पण स्वतःच्या डोक्यानं एकही गोळी बंद करू नका, स्टेंट (हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी) असेल तर मुळीच नाही. पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. गावाकडून आणलेली गुडघेदुखीची गोळी आणि चूर्णसुद्धा. पूर्वी कधी फिट आली असेल तर भूल देणाऱ्यांना सांगाच. रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात, त्याचा फायदा मोठा आहे, पण जास्त डोसला झटके येऊ शकतात.

रक्तदाते. आम्ही क्रूझर भरून नऊ जण नेले, कामाला आले चार. एकानं रात्री घेतलेली, दोघं उपाशी, एकाचं वजन ४५ किलोच्या आत, एकाचं हिमोग्लोबिन १२.१ (दात्याला १२.५ लागतं). मागचं दान पुरुषाचं तीन महिन्यांपूर्वीचं, बाईचं चार महिन्यांपूर्वीचं हवं. सख्ख्या मुलाचं रक्त बापाला थेट देत नाहीत, त्यानं क्वचित पण जिवावरचा त्रास होतो, तेव्हा तिथं भांडू नका. वैशाखात रक्तपेढ्यांत खडखडाट असतो, आधी फोन करा.

पुढचं थोडक्यात. दात तपासा. तंबाखू आजच बंद. साखर आटोक्यात. आयसीयूत एकच माणूस, पाळ्या लावा. छातीच्या नळीतून बाटलीत रक्त किती आलं ते नर्सला विचारा, दर दहा मिनिटांनी नको. घरी आल्यावर हिमोग्लोबिन पुन्हा करा, हो, पुन्हा.

काकूंचा रिपोर्ट काल आला. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ११, म्हणजे लोहाचा साठाही कमीच. ऑपरेशनला अजून पंचवीस दिवस आहेत, उद्या सकाळी फिजिशियनकडे नेतोय.