नवा ट्रॅक्टर ताब्यात घेताना स्टेअरिंगच्या बाबतीत या चुका टाळा

दसऱ्याच्या सकाळी आम्ही शोरूमला पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टर हार घालून उभाच होता. पूजा झाली, नारळ फुटला, फोटो झाले. चलानवर, म्हणजे ट्रॅक्टर ताब्यात मिळाल्याच्या कागदावर, तीन ठिकाणी सह्या केल्या आणि गावाकडे निघालो. बावीस किलोमीटरची वाट. निम्म्या वाटेतच लक्षात आलं की ट्रॅक्टर सरळ राहत नाही, सारखं स्टेअरिंग सावरावं लागतंय. भाऊ म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू." मलाही ते पटलं.

दोन दिवसांनी उसाचं बेणं ट्रॉलीत भरायच्या आधी गावातल्या मिस्त्रींनी पुढची बाजू जॅकवर घेतली. डाव्या चाकाला पुढून आणि मागून हात लावून हलवलं, तर टक-टक आवाज. खाली वाकून बघितलं तर टायरॉडच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) एंडच्या, म्हणजे टोकाच्या सांध्याच्या, नटात स्प्लिट पिनच नव्हती. नट उलटू नये म्हणून ही पिन घालतात. नट तीन-चार आटे उलटून आलेला. भरल्या ट्रॉलीसकट उतारावर तो नट निघाला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

शोरूमवाल्यांनी माणूस पाठवला, पिन टाकून दिली. पण सोबत एक वाक्य ऐकवलं: "ट्रॅक्टर तपासून, सुस्थितीत मिळाला, असं लिहिलंय दादा, खाली तुमची सही आहे." ते खरंच होतं. तेव्हापासून पाहुण्यांत कुणीही ट्रॅक्टर घेत असलं की मी सोबत जातो आणि स्टेअरिंग बघितल्याशिवाय सही करू देत नाही.

मुहूर्ताच्या दिवशीच तपासणी करणे

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा या साडेतीन मुहूर्तांना एकेका शोरूममधून एकाच दिवशी कितीतरी ट्रॅक्टर बाहेर पडतात. वर्कशॉपची माणसं पळत असतात, घरची मंडळी नटून आलेली असतात, वेळ टळत असते. अशा वेळी कोण गाडीखाली वाकणार?

मुहूर्त पूजेला ठेवा, तपासणी एक-दोन दिवस आधी उरका, आणि तीही पासिंगला कागद जाण्याआधी. सकाळी जा, मळकट कपड्यांत जा. रोज जो चालवणार आहे त्याला सोबत घ्या. मोजायचा टेप, हवा बघायचा गेज आणि चार-पाच जुने पेपर एवढंच सामान लागतं. गेल्यावर आधी डिलिव्हरीपूर्व तपासणीचा कागद मागा. शोरूममध्ये त्याला पीडीआय म्हणतात. त्यावर चासी नंबर तुमच्याच ट्रॅक्टरचा आहे ना, ते प्लेटवर बोट ठेवून ताडून बघा.

आणखी एक. आदल्या दिवशी फोनवर सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला की कळतं. थंड तेलावर स्टेअरिंग कसं चालतं आणि अर्ध्या तासानंतर कसं चालतं, दोन्ही बघायचंय.

हवा न बघता स्टेअरिंगला नावं ठेवणे

ट्रॅक्टर कारखान्यातून ट्रेलरवर येतो तेव्हा टायरमध्ये बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त हवा असते. शोरूममध्ये ती कमी करून पुस्तिकेप्रमाणे लावायची असते, आणि नेमकं हेच राहून जातं. पुढच्या दोन टायरमध्ये हवा कमी-जास्त असली की ट्रॅक्टर एका बाजूला ओढणारच. आधी चारही चाकांची हवा गेजने बघा, सारखी करून घ्या. दोन्ही पुढचे टायर एकाच मापाचे आहेत ना, तेही बघा. एवढ्याने ओढणं थांबलं तर पुढची अर्धी कटकट मिटली.

नुसतं आवारात फिरवून आणणे

आवारातल्या फरशीवर पहिल्या गिअरमध्ये एक चक्कर मारून काहीच समजत नाही. आधी जागेवरच, इंजिन मंद चालू ठेवून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर ते सगळीकडे एकसारखं हलकं लागलं पाहिजे. मध्येच अडखळत, हिसके देत फिरत असेल तर तेलात हवा राहिली असण्याची किंवा तेल कमी असण्याची शक्यता जास्त. स्टेअरिंगची वेगळी टाकी असेल तर झाकण उघडून बघा, तेलावर फेस दिसेल. काही मॉडेलमध्ये स्टेअरिंगला हायड्रॉलिकचंच तेल वापरतात, तिथे डिपस्टिक बघायची. हवा काढणं हे वर्कशॉपचं थोड्या वेळाचं काम आहे, पण ते तुमच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे.

मग स्टेअरिंगचा सिलिंडर (तेलाच्या दाबाने चाकं वळवणारा) आणि त्याच्या पाइपांखाली पेपर अंथरा आणि पुन्हा तेवढ्याच वेळा फिरवा. पंधरा मिनिटांनी पेपरवर एक जरी ताजा थेंब दिसला, तरी तो कुठून पडला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाइपाच्या जोडावर बोट फिरवून बघा. जुनं पुसून काढलेलं तेल आणि नुकतं पाझरलेलं तेल यांतला फरक बोटाला कळतो.

साधं, म्हणजे मेकॅनिकल स्टेअरिंग असेल तर थोडा प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टेअरिंग मोकळं फिरणं, असतोच. किती चालतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं. तो कमी दिसावा म्हणून कधीकधी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू जास्तच आवळतात. हे ओळखायची खूण अशी: चाकं सरळ असताना स्टेअरिंग जड लागतं आणि वळणानंतर सोडलं की परत येत नाही. असा आवळलेला बॉक्स घेण्यापेक्षा बोटभर प्ले असलेला बरा.

त्यानंतर रस्त्यावर न्या. दोन्ही ब्रेक पेडल जोडायची पट्टी लावा, नाहीतर ब्रेक दाबल्यावर होणारी ओढ स्टेअरिंगची समजाल. सपाट सरळ रस्त्यावर वरच्या गिअरला चालवा, हात हलके ठेवा. पुढची चाकं थरथरतात का, एका बाजूला जातो का, वळणातून बाहेर पडताना कसा वागतो, हे जो रोज चालवतो त्याला पाच मिनिटांत कळतं. फोर व्हीलचा ट्रॅक्टर असेल तर आधी फोर व्हील काढा. ती लागलेली असताना डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग जड लागणारच.

शेवटी मोकळ्या मातीवर या. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे ठेवून, ब्रेक न लावता, हळू एक गोल मारा, मग उजवीकडे एक. बाहेरच्या चाकाची खूण मातीत उमटते, टेप धरून दोन्ही गोल मोजा. मध्य प्रदेशातल्या बुधनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या चाचणी अहवालातही डावं आणि उजवं वळण वेगवेगळं मोजलेलं असतं. दोन गोलांत हातभरापेक्षा जास्त फरक आला तर स्टॉपर बोल्ट (चाक किती वळायचं ते अडवणारे) किंवा टायरॉड दोन्ही बाजूंना सारखे बसवलेले नाहीत असं समजा.

खाली न वाकणे

माझी चूक हीच. म्हणून यावर मी हट्ट धरतो. पुढचा अॅक्सल जॅकवर घ्यायला लावा आणि खाली ठोकळा द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वरून-खालून धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) सैल आहे. मग पुढून-मागून धरून हलवा, आणि दुसऱ्याला टायरॉडच्या एंडवर बोट ठेवायला सांगा. सांध्यात खेळ असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. नंतर प्रत्येक एंडचा नट बघा. त्याच्या खाचेत स्प्लिट पिन आहे का, आणि तिचे पाय वाकवलेत का. पिन नुसती घुसवून ठेवलेली असेल तर ती नसल्यातच जमा. ग्रीस निपलमधून ताजं ग्रीस बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. कोरडं निपल म्हणजे ग्रीस झालेलंच नाही.

खाली आहातच तर एक विटेची थप्पी करा, जॅक काढून एक पुढचं चाक तिच्यावर चढवा. अॅक्सल तिरका झाला की स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. टायर कुठे बॉनेटला, वजनाच्या पट्टीला घासतो का? पाइप ताणतो का? बांध ओलांडताना शेतात नेमकं हेच होणार आहे.

पुढची रुंदी बदलून घेतली आणि टायरॉड विसरला

ऊस, कापूस, द्राक्ष, प्रत्येकाची सरी वेगळी. म्हणून अनेक जण डिलिव्हरीच्या वेळीच पुढच्या चाकांची रुंदी बदलून घेतात. अॅक्सलचे बोल्ट दोन्ही बाजूंना एकाच भोकात आलेत ना, आणि टायरॉडची लांबीही त्याच मापाने दोन्हीकडे सारखी बदलली ना, हे बघा. टायरॉड विसरला तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर फिरतात. टायर घासत चालतात आणि रस्त्यावर हात दुखेपर्यंत सावरावं लागतं.

मोजायची सोपी रीत आहे. चाकं सरळ ठेवा. पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन रिममधलं अंतर मोजा आणि तिथे खडूने खूण करा. ट्रॅक्टर तेवढाच पुढे ढकला की त्या खुणा अर्धा फेर घेऊन मागे त्याच उंचीवर येतील. तिथे पुन्हा मोजा. साधारणपणे पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असतं. नेमकं किती, ते पुस्तिकेत असतं. पुढचं अंतर जास्त निघालं तर ट्रॅक्टर बाहेर काढू नका.

दोष नसलेल्याला दोष म्हणणे

पूर्ण टोकाला स्टेअरिंग दाबून धरलं की पॉवर स्टेअरिंगचा पंप ओरडल्यासारखा आवाज करतो. तो रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा असतो. फक्त तसं धरून ठेवू नका, तेल तापतं. इंजिन बंद असताना स्टेअरिंग जड होतं, तेही बरोबर आहे. चाकं सरळ असताना स्टेअरिंगचा नॉब दर वेळी वेगळ्या जागी दिसतो, याची तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. पूर्ण हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये चक्र आणि चाकं यांच्यामध्ये तेलच असतं, लोखंडी दांडी नसते, त्यामुळे असं होतं. यावरून भांडू नका. खरी तक्रार सांगाल तेव्हा ऐकून घेतली जाईल.

दोष सापडूनही सही करणे

"घेऊन जा, पहिल्या सर्व्हिसला करून देतो" असं सांगतील. बहुतेक ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस 50 तासांच्या आसपास असते. तोवर सैल एंड घेऊन ट्रॉली ओढायची का? दुरुस्ती होईपर्यंत ताबा घेऊ नका. अगदीच न्यावा लागला तर चलानच्या दोन्ही प्रतींवर स्वतःच्या अक्षरात काय दोष आहे ते, तारीख आणि तासमीटरचा आकडा लिहा, समोरच्याची सही-शिक्का घ्या आणि तिथेच फोटो काढा. स्टेअरिंग फिरतानाचा व्हिडिओही ठेवा. नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीचं जॉब कार्ड मागून घ्या, तोंडी कामावर थांबू नका.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. स्वतःच्या शेतीसाठी, पोटापाण्यासाठी घेतलेला ट्रॅक्टर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगातच चालतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे पहिला कागद मागतात तो चलानच.