मेकर बदनाम, चाकू नामी: घ्यायचा की नाही? पाणी कसं जोखायचं

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर मामेभावाने मोबाइल माझ्यापुढे धरला. घडीचा चाकू होता. टायटॅनियमची मूठ, साडेतीन इंची पातं, बनवणारा अमेरिकेतला, किंमत ५०० डॉलर. "दादा, चाकू नाद खुळा आहे. पण बनवणारा माणूस बदनाम आहे म्हणतात. घेऊ का?"

मी डाय बनवणाऱ्यांतला. दिवसभर डी२ आणि ओएचएनएस या टूल स्टील्सशी झटापट चालते, म्हणून मला स्टीलमधलं सगळं कळतं असा त्याचा समज. माझं पहिलं उत्तर होतं, "येडा आहेस का?" पण पोरगं ऐकेना. मग पंधरा दिवस आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. तोच क्रम इथे देतोय. मेकरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकाच मेकरबद्दल पडत नाही.

पायरी १: बदनामी कशाची, ते एका ओळीत लिहा

"लोक काहीबाही बोलतात" ही ओळ चालणार नाही. नेमकं लिहा, कारण बदनामीचे प्रकार वेगळे आणि त्यांची वजनंही वेगळी.

कुणी आगाऊ पैसे घेऊन वर्षानुवर्षं चाकूच दिलेला नसतो. कुणाचा मालच ढिला असतो. कुणी नुसता तोंडाळ असतो, गिऱ्हाइकाला घालूनपाडून बोलतो. कुणी दुसऱ्याचं डिझाइन उचललेलं असतं. हा राग कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता उतरवली, तेव्हा आपण काय काय बोललो ते आठवा. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली.

आणि एक खास अमेरिकन प्रकार: फौजेतल्या मोठ्या पथकात होतो अशी थाप मारून चाकू खपवणं. तिकडे खोटी शौर्यपदकं मिरवण्याविरुद्ध २००६ मध्ये कायदा झाला. तो २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. २०१३ मध्ये नवा आला, त्यात नुसती बढाई गुन्हा नाही. पदकाच्या थापेवर पैसा किंवा फायदा उकळायला गेलं तर गुन्हा. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीच्या पारावर बसून कुणी अशी थाप मारून बघावी, कायद्यापर्यंत जायची वेळच येणार नाही.

आमच्या मेकरवर हाच आरोप होता.

पायरी २: ऐकीव वेगळं काढा, कागद वेगळा काढा

तालमीच्या कट्ट्यावर एखादी गोष्ट तीन तोंडांतून गेली की कुस्ती निकाली होती की बरोबरीत सुटली हेसुद्धा बदलतं. इथेही तेच होतं. आरोप करणाऱ्याने तो चाकू कधी हातात घेतलाय का, तो स्वतः दुसऱ्या मेकरचा माल विकतो का, एवढं आधी बघा.

फौजेच्या दाव्याचं एक बरं असतं, तो तपासता येतो. अमेरिकन सैनिकांच्या जुन्या नोंदी सेंट लुईस शहरातल्या सरकारी अभिलेखागारात असतात, आणि त्यांच्या माहिती अधिकाराखाली सेवेचा गोषवारा कुणालाही मागता येतो. अशा वादात कुणीतरी तो कागद आधीच मागवलेला असतो. तो सापडला तर वाचा. कोर्टाचे निकालही उघड असतात. कागद काहीच सापडला नाही, तर त्या आरोपाला तेवढंच वजन द्या.

पायरी ३: लबाडी पात्यापर्यंत पोचते का?

माझ्या मते सगळा निर्णय या पायरीवर आहे, म्हणून इथे जरा बसूया.

बरेच जण म्हणतात, माणूस वाईट असेल, आपल्याला चाकूशी मतलब. टोमॅटो घेताना हे ठीक आहे, टोमॅटो दाबून बघता येतो. महागड्या चाकूत ज्या गोष्टीचे पैसे आपण मोजतो, ती डोळ्यांना दिसतच नाही. लोहार कोयत्याला 'पाणी देतो' म्हणतात, ती गोष्ट, म्हणजे तापवून, थंड करून पातं कडक करणं, हीट ट्रीटमेंट. ही नवी स्टील्स पाण्यात बुडवत नाहीत, व्हॅक्यूम भट्टीत तापवून गॅसच्या झोताने थंड करतात. पण शब्द आपला पाण्याचाच बरा. एकाच सळीचे दोन तुकडे दोन हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे टाका. दिसायला जुळे भाऊ परत येतील, आणि त्यातल्या एकाचा पंच (पत्र्याला भोक पाडायचं हत्यार) आठवड्यात तुटेल. उद्यमनगरात हे पोरासोरांनाही माहीत आहे.

आता थोडे आकडे. एस३०व्ही हे पावडरपासून बनवलेलं स्टील क्रूसिबल कंपनीने २००१ मध्ये आणलं. ते घडवताना ख्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्याचा सल्ला होता (तो बदनामांतला नाही, त्याचा 'सेबेन्झा' हा घडीचा चाकू या किमतीत मोजपट्टी धरतात, आणि त्या झुलू शब्दाचा अर्थ आहे 'काम'). या स्टीलचं पातं साधारण ५८ ते ६१ एचआरसीला ठेवतात (एचआरसी म्हणजे रॉकवेल मापातला कडकपणा, हार्डनेस). मेकर ६० सांगतो आणि प्रत्यक्षात ५६ भरतं, तर तुम्ही सोन्याच्या भावात पितळ घेतलंत.

मोजता येतं का? येतं, आणि कोल्हापूरकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, सगळीकडे फौंड्र्या आहेत आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या टेस्टिंग लॅबही. रॉकवेल टेस्टमध्ये हिऱ्याचं टोक १५० किलोच्या दाबाने रुततं आणि बारीक खळगा उरतो. पात्याच्या उतरत्या बाजूवर हा आकडा चुकीचा येतो, सपाट जागा लागते. म्हणजे मुठीत लपलेला भाग मोकळा करा, चाकू खोला. आणि चाकू खोलला की काही मेकर वॉरंटी संपली म्हणतात. हा नियम घेण्याआधी वाचायचा.

स्टील खरंच एस३०व्ही आहे की डी२, हे क्ष-किरणांच्या गनने खळगा न पाडता कळतं. गुजरीतल्या सराफांकडे सोन्याचं कॅरेट बघायचं यंत्र असतं ना, त्यातलंच तंत्र, पण ते यंत्र सोन्यासाठी लावलेलं असतं, तिथे चाकू घेऊन जाऊ नका. या गनला कार्बन दिसत नाही. तरी बिघडत नाही, कारण दोन्ही स्टील्समध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपासच असतो. फरक व्हॅनेडियम या धातूचा: एस३०व्हीत ४ टक्के, डी२मध्ये एक टक्क्याच्या आसपास.

एवढं करूनही एक गोष्ट हातात येत नाही. हार्डनेस बरोबर भरूनही पातं ठिसूळ असू शकतं. भट्टी किती तापली, किती वेळ धरली, नंतर टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) किती केलं, हे फक्त बनवणाऱ्यालाच माहीत. तिथे मेकरच्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि त्या शब्दाचेच तुम्ही ५०० डॉलर देताय.

म्हणून तोंडाळ माणसाचा चाकू मी घेईन. राजकारण पटत नाही अशाचा घ्यायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, त्यात स्टीलचा संबंध नाही. पण माल खपवायला जो स्वतःबद्दल थाप मारतो, तो भट्टीच्या तापमानाबद्दल खरं सांगेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. मामेभावाला हे पटलं नाही. "दोन वेगळ्या गोष्टी आहेत," म्हणाला. असू देत.

पायरी ४: जमलं तर हातात घ्या

कुणाकडे तोच चाकू असेल तर पाच मिनिटं मागा. उघडून पातं आडवं हलवा, मग उभं हलवा. खटखट जाणवली तर ठेवून द्या. बंद केल्यावर पातं मधोमध बसतं का बघा. लॉक (उघडं पातं अडवून धरणारा खटका) पकडतं का बघताना बोटं पात्याच्या वाटेतून काढा आणि पाठीवर तळव्याने सावकाश दाब द्या. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासणारे व्हिडिओ असतात, तो आचरटपणा आहे. फ्रेम लॉकमध्ये मुठीचा टायटॅनियमच स्टीलला अडवतो आणि टायटॅनियम मऊ, म्हणून चांगले मेकर टोकाला स्टीलचा तुकडा बसवतात किंवा ते टोक कडक करून घेतात. हे विचारायचं.

पायरी ५: कोल्हापुरात हा चाकू खिशात ठेवता येईल का?

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं धरली आहेत; घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली वगळून. साडेतीन इंची पातं त्या मापात येत नाही. पण हुरळून जाऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, सणावाराला, निवडणुकीला, मोर्चांच्या दिवसांत. त्यात चाकूसुद्धा येतो आणि इंच मोजत नाहीत. गणपतीत महाद्वार रोडवर झडती झाली आणि खिशातून हा निघाला, तर हवालदाराला तो रामपुरीच दिसणार. पावडर स्टीलचं पुराण त्याला सांगू नका. दुसऱ्या राज्यात मापं आणखी वेगळी. दिल्लीत बटणाच्या चाकूंसाठी १९८० च्या अधिसूचनेत ७.६२ सेंटिमीटर ही हद्द आहे. उजळाईवाडीहून विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये नाही.

म्हणजे ४० हजारांच्या वर जाणारी वस्तू बहुतेक दिवस कपाटात राहणार. तेही हिशेबात धरा.

पायरी ६: खरा आकडा काढा

५०० डॉलर हा आकडा खरा नाही. त्यावर टपाल, कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च. घडीचे चाकू आयातीच्या ८२११९३ या शीर्षकाखाली येतात. चालू दर त्यावरून बघा, कारण बजेटमध्ये ते बदलत राहतात. पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं, तेव्हा 'अडकलं तर पैसे परत का?' हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

वॉरंटी 'आजन्म' असते, पण चाकू अमेरिकेला पाठवायचा खर्च तुमचा, आणि धारदार वस्तू घेणारा कुरिअर शोधायचं कामही तुमचं. मेकर बदनाम असेल तर त्याचं दुकान दहा वर्षांनी असेल का, हाही प्रश्न.

सेकंडहँड घेतला तर मेकरला पैसे जात नाहीत, असं मामेभावाचं म्हणणं. अर्धं खरं आहे. जुना माल चढ्या भावात विकला गेला की नव्याचा भावही टिकतो. आणि जुन्या बाजारात नकली माल फार. नावाजलेल्या चाकूंच्या हुबेहूब कॉप्या निघतात, खोका आणि कार्डासकट.

पायरी ७: कापणार काय?

हा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा होता. मामेभावाचं उत्तर: "पन्हाळ्याला ट्रेकला जातो, दोरी कापायला, कांदा चिरायला." कांदा चिरायला आईची विळी आहे आणि ती माझ्या जन्माआधीपासून आहे.

दोरी-कांद्यासाठी ओपिनेल बघा. फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये काढलेला, लाकडी मुठीचा. फिरवून पातं अडकवायची कडी १९५५ मध्ये आली. स्टेनलेसचाच घ्या. गगनबावड्याच्या पावसात कार्बन स्टीलचं पातं सकाळी तांबूस झालेलं मिळतं. डी२ देखील पूर्ण स्टेनलेस नाही, त्यालाही तेलाचा हात लागतो.

आणि धार. आपल्याकडे चाकावर धार लावणारा दारात येतो, त्याच्याकडे हा महागडा चाकू चुकूनही देऊ नका. एस३०व्हीतले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण त्याच्या चाकाच्या दगडापेक्षाही कठीण असतात. तो जोर लावणार, कड तापणार, निळी पडणार. निळी पडली की पाणी उतरलं. डायमंडची पट्टी घेऊन हाताने सावकाश लावायची. तो खर्चही पायरी ६ मध्ये मिळवा.

एवढं झाल्यावर मामेभावाने मेकरला ईमेल केला. मी तीन प्रश्न लिहून दिले होते: हीट ट्रीटमेंट कोण करतं, या लॉटचा हार्डनेस किती भरला, चाकू खोलला तर वॉरंटी राहते का. आठ दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातीला 'योद्ध्यांच्या परंपरे'वर एक परिच्छेद, आणि शेवटी टी-शर्टवर २० टक्के सवलतीचं कूपन. मधे आकडा कुठेच नव्हता.

मामेभावाने मोबाइल खिशात टाकला. "टी-शर्ट बरा आहे पण," म्हणाला.