गावी शेतीवर राहायला येताय? आधी ऑक्टोबर बघून जा

पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीकडच्या आमच्या वडिलोपार्जित जागेत राहायला आलो त्याला 4 वर्षं झाली. अधूनमधून कोणीतरी विचारतं, आम्हालाही यायचंय, कधी येऊन बघू? लोक येतात जुलैमध्ये, हिरवंगार बघतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात. मी म्हणतो दसऱ्याच्या पुढेमागे या आणि पंधरा दिवस राहा, कारण वर्षाचं खाणं घरात येणार की नाही ते तेव्हा ठरतं आणि कामं सगळी एकदमच अंगावर येतात.

पहिल्या वर्षी मी हळवं भात लावलं, लवकर मोकळे होऊ म्हणून. सप्टेंबरअखेर तयार झालं, कापून शेतातच पसरलं आणि परतीचा पाऊस तीन दिवस हलला नाही. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीखच 8 ऑक्टोबर, हे आधी बघायला काय झालं होतं मला! लोंब्यांना मोड आले, वर्षभर तांदूळ दुकानातून आणला. शेजारचे काका एवढंच म्हणाले, "घाई कसली होती रे?" आता निमगरवं, म्हणजे हळव्यापेक्षा थोडं उशिरा तयार होणारं भात लावतो.

12 गुंठ्यांत साधारण 4 क्विंटल भात होतं, गिरणीतून आलं की अडीच क्विंटल तांदूळ, आम्हा चौघांना पाहुणे धरून जेमतेम पुरतो. लोंबीतले 80-90 टक्के दाणे पिवळे झाले की कापायला घ्या, पूर्ण वाळायची वाट बघितली तर दाणे शेतातच गळतात. विळा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, वैभव नावाचा, दातेरी असतो, तो घ्या. जमिनीलगत कापता येतं त्यामुळे खोडकिड्याच्या अळ्या धसकटात राहत नाहीत. झोडल्यावर तीन-चार कडक उन्हं द्यायची, दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, नाहीतर कणगीत बुरशी धरते आणि ते कळतं थेट जानेवारीत.

आणि हे सगळं एकट्याने होत नाही, स्वयंपूर्ण वगैरे शब्द विसरा. मजूर त्याच आठवड्यात सगळ्यांनाच हवे असतात, म्हणून सावड. मी आधी चार दिवस काकांच्या शेतात राबतो मग ते घरच्यांना घेऊन माझ्याकडे येतात. पहिल्या वर्षी मला कोणी बोलावलं नाही असं वाटायचं, पण मीच कुणाच्या बांधावर गेलो नव्हतो.

भात उचललं की लगेच कुळीथ, जमिनीत ओल आहे तोवरच, आठवडाभर उशीर केलात तर उगवतच नाही नीट. गुरं असतील तर गवतही याच दिवसांत कापायचं. ऊन इतकं असतं की 11 नंतर शेतात थांबवत नाही, पहाटे निघा.

येताना गमबूट आणा. कापून ठेवलेल्या भाताखाली फुरसं, म्हणजे विषारी साप असतो, मी दोनदा बघितलंय, पेंढी आधी विळ्याने उलटायची मग हात घालायचा.