साइटसीइंग बसने मोठं शहर पाहताना: वेळेचं गणित, बसायची जागा आणि उतरायची ठिकाणं

नव्या मोठ्या शहरात हाताशी एक-दोनच दिवस असतील, तर वर उघड्या डेकची साइटसीइंग बस हा शहराची ओळख करून घेण्याचा चांगला मार्ग आहे. मात्र तिकिटासोबत मिळणाऱ्या नकाशावर वीस-पंचवीस थांबे दिसतात आणि एका दिवसात सगळीकडे उतरून येऊ असं वाटायला लागतं. ते जमत नाही. का जमत नाही, हे एकदा कागदावर मांडून पाहिलं की दिवसाची आखणी आपोआप सोपी होते.

आधी तिकिटाचा प्रकार नीट बघा. हॉप-ऑन हॉप-ऑफ बसमध्ये ठरावीक मार्गावर कुठेही उतरून मागून येणाऱ्या बसमध्ये त्याच तिकिटावर बसता येतं. पॅनोरमिक टूर म्हणजे न उतरता एक सलग फेरी. तिसरा प्रकार गाइडसोबतच्या कोच टूरचा. त्यात बस सगळ्यांसाठी एकत्र थांबते आणि बऱ्याचदा एखाद-दुसऱ्या ठिकाणचं प्रवेशतिकीटही धरलेलं असतं. वयस्कर माणसं किंवा अगदी लहान मुलं सोबत असतील तर तिसरा प्रकार बरा, कारण थांब्यावर ताटकळावं लागत नाही. पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

तिकीट ‘एका दिवसाचं’ आहे की ‘२४ तासांचं’, हे घेण्याआधी विचारा. एका दिवसाचं तिकीट संध्याकाळी शेवटच्या बसबरोबर संपतं. २४ तासांचं तिकीट बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा स्कॅन केल्यापासून मोजतात. ते सकाळी ९ ला सुरू केलं तर संध्याकाळनंतरचे सगळे तास वाया जातात. दुपारी १ ला सुरू केलं तर आज दुपार आणि उद्याची सकाळ, दोन्ही पदरात पडतात. प्रकाशाच्या दृष्टीनेही हे सोयीचं आहे. पॅरिसच्या नोत्र-दाम या चर्चचा मुख्य दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणजे तिथे दुपारनंतर ऊन पडतं. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग गेटवरचा चार घोड्यांचा रथ पूर्वेकडे तोंड करून आहे, तो सकाळी उजळतो. मुदत संपण्याआधी बसमध्ये चढलेलं चालतं की उतरलेलंही असावं लागतं, याचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात. तेही काउंटरवरच विचारून घ्या.

आता वेळेचं गणित. समजा पूर्ण फेरी २ तासांची आहे, बस दर २० मिनिटांनी येते आणि सेवा सकाळी ९.३० ते संध्याकाळी ५.३० अशी ८ तास चालते. एका ठिकाणी उतरलात की थांब्यापासून जायला-यायला १० मिनिटं, पाहायला सव्वा तास आणि पुढच्या बसची वाट बघण्यात जास्तीत जास्त २० मिनिटं धरा. एकूण १०५ मिनिटं झाली. अशी तीन ठिकाणं म्हणजे सव्वापाच तास, त्यात बसमधले २ तास मिळवले की सव्वासात. जेवणाला पाऊण तास घेतला की दिवस संपला. म्हणजे एका दिवसात तीन ठिकाणी उतरणं हीच कमाल मर्यादा. पाच ठिकाणं बसवायला गेलात तर प्रत्येक ठिकाणी बाहेरून फोटो काढून पळावं लागतं, आणि तेवढं तर बसमधूनही दिसलं असतं.

आमचा सल्ला असा: पहिली फेरी अजिबात न उतरता पूर्ण करा. शहराचा आवाका लक्षात येतो, कुठलं ठिकाण बसमधून पुरेसं दिसलं आणि कुठे पुन्हा यायचं हे कळतं, कुठली दोन ठिकाणं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर आहेत तेही दिसतं. दुसऱ्या फेरीत दोनच ठिकाणी उतरा. दोन फेऱ्यांचे ४ तास आणि दोन ठिकाणांचे साडेतीन, मिळून साडेसात तास होतात. २४ तासांचं तिकीट असेल तर पहिल्या दुपारी सलग फेरी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणं, असं करा. धावपळ निम्म्याने कमी होते.

बस बहुधा एकाच दिशेने गोल फिरते, हे विसरू नका. थांबा क्रमांक ८ वर असताना ६ वर काहीतरी राहून गेल्याचं आठवलं, तर बसने जायला जवळजवळ पूर्ण फेरी मारावी लागते. अशा वेळी सरळ चालत जा किंवा मेट्रो पकडा. एकाच कंपनीचे लाल, निळा, हिरवा असे दोन-तीन मार्ग असतील तर कुठल्या थांब्यावर मार्ग बदलता येतो ते नकाशावर आधीच खूण करून ठेवा. मुख्य मार्गावर दर १५ मिनिटांनी बस असली तरी उपमार्गावर ती तासाला एकच असू शकते.

कुठे बसायचं

वरच्या मजल्यावर अगदी पुढची रांग मिळाली की सगळ्यांना आनंद होतो. समोरचा रस्ता तिथून छान दिसतो, पण पुढे वाऱ्यासाठी काच असते. तिच्यावर उन्हाची तिरीप आणि आपलंच प्रतिबिंब येतं. फोटो काढायचे असतील तर शेवटची रांग अधिक चांगली: मागे कुणाचं डोकं आड येत नाही आणि हुकलेली इमारत मागे वळून पुन्हा पाहता येते.

कुठल्या बाजूला बसायचं, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. वाहतूक डावीकडून चालते अशा शहरात बस डाव्या फूटपाथला लागून जाते, दारही डावीकडेच असतं. डावीकडची उंच इमारत इतकी जवळ येते की मान पूर्ण मागे टाकली तरी वरचा मजला दिसत नाही, आणि झाडांच्या फांद्याही त्याच बाजूने डोक्यावरून घासत जातात. उजव्या बाजूला मात्र मधे अख्ख्या रस्त्याची रुंदी असते, त्यामुळे पलीकडची इमारत पायापासून शिखरापर्यंत दृष्टीत मावते. म्हणून लंडन किंवा सिडनीत उजवीकडे बसा. पॅरिस, रोम, न्यूयॉर्कमध्ये वाहतूक उजवीकडून असते, तिथे डावीकडे. अपवाद नदीकाठचा किंवा समुद्रकाठचा: तिथे पाण्याच्या बाजूलाच बसायचं.

हव्या त्या जागेसाठी सकाळची पहिली किंवा दुसरी बस आणि फेरीचा पहिला थांबा गाठा. मधल्या थांब्यावर दुपारी १२ वाजता वरचा डेक भरलेलाच मिळतो. तो मोकळा होतो सर्वांत गाजलेल्या ठिकाणी, कारण तिथे निम्मे लोक उतरतात. तिथे चढणाऱ्यांचीही रांग असते, पण तुम्ही आधीच आत असाल तर खालून वर जायला तेवढीच संधी पुरते. बस चालू असताना मात्र जिना चढू-उतरू नका. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की माणूस थेट खाली येतो.

चालत्या बसमधून फोटो काढताना शटर स्पीड १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. बस ताशी २० किमी वेगाने चालली तरी सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. त्यात जवळचा दिव्याचा खांब फोटोत फराटा होतो, लांबचा मनोरा मात्र स्पष्ट येतो. म्हणून जवळच्या वस्तू सिग्नलवर थांबल्यावर टिपा. मोबाइलची दोरी मनगटात अडकवा आणि हात कठड्याबाहेर काढू नका.

कानातल्या माहितीबद्दल थोडं. बहुतेक बसमध्ये सीटजवळ ३.५ मिमीचं सॉकेट आणि भाषेसाठी चॅनलचं बटण असतं. ब्लूटूथचे इयरफोन तिथे कामाचे नाहीत, आपला वायरचा जोड सोबत ठेवा. रेकॉर्ड केलेली माहिती साधारणपणे जीपीएसवर सुरू होते. बस ठरलेल्या बिंदूजवळ आली की तो तुकडा वाजतो. त्यामुळे वाहतूक कोंडीत ‘आता उजवीकडे पाहा’ असं ऐकू येतं आणि उजवीकडे नुसता ट्रक उभा असतो. रस्ता वळवला असेल तर मधले तुकडे गाळलेच जातात. फोनवर नकाशा उघडा ठेवला की समोर काय आहे याचा घोळ होत नाही. जिवंत गाइड असलेली बस मिळत असेल तर तीच घ्या.

कुठे उतरायचं, कुठे नाही

काही ठिकाणं बसमधूनच उत्तम दिसतात. पॅरिसची विजय कमान मोठ्या चौकाच्या मधोमध आहे, बस त्या चौकाला वळसा घालते तेव्हा कमानीच्या एकाहून अधिक बाजू दिसतात. पुलांचं उलट असतं. लंडनच्या टॉवर ब्रिजवरून बस जाते तेव्हा पूलच नीट दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्या पोटात असता. तो पाहायचा तर उतरून नदीकाठावर जायला हवं. पूल जहाजांसाठी उघडण्याच्या वेळा आधी जाहीर होतात. त्या पाहून ठेवल्या तर पूल उघडताना पाहता येतो, आणि नेमक्या त्या वेळी बसमध्ये खोळंबून राहायची पाळीही येत नाही. रोमचं ट्रेव्ही कारंजं अरुंद गल्ल्यांमध्ये आहे, तिथवर मोठी बस पोचत नाही. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बेटावर आहे. बस फार तर बॅटरी पार्कच्या धक्क्यापर्यंत नेते, पुढे बोट घ्यावी लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो.

आत जायचं ठिकाण असेल तर सुट्टीचा वार तपासा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तिथलंच ऑर्से संग्रहालय सोमवारी. वेळ ठरवून दिलेलं तिकीट घेतलं असेल, जसं रोमच्या कोलोसियमचं, तर तिथे पोचायला बसच्या वेळापत्रकावर विसंबू नका. आधीच्या थांब्यावरून निघताना किमान दोन बसचं अंतर हाताशी राखा.

थांब्यावर बराच वेळ बस येत नाही आणि मग दोन एकामागोमाग येतात, हे वारंवार घडतं. त्याचं कारण असं: एक बस थोडी उशिरा निघाली की थांब्यांवर जास्त लोक साचतात, त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थोडेच प्रवासी मिळतात, म्हणून ती लवकर पुढे सरकून पहिलीला गाठते. तेव्हा पहिल्या गच्च बसमध्ये घुसू नका. मागचीत वरच्या डेकवर जागा असते.

शेवटच्या बसची वेळ सहसा पहिल्या थांब्यावरची लिहिलेली असते, आणि ती बस पूर्ण फेरी करेलच असं नाही. तुमच्या थांब्यावरची वेळ कर्मचाऱ्याला सकाळीच विचारा. त्याच वेळी त्या दिवशी मार्ग बदलला आहे का, तेही विचारा. मॅरेथॉन, मिरवणूक किंवा पाहुण्यांचा ताफा असला की निम्मे थांबे गाळले जातात. पॅरिसमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाँझेलिझे हा मुख्य रस्ता गाड्यांसाठी बंद असतो.

उघड्या डेकवर वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि त्वचा भाजते, म्हणून ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा. टोपी पट्ट्याची हवी. थंडीच्या दिवसांत खाली रस्त्यावरच्या तापमानाला भुलून पातळ जॅकेट घालू नका, बस सुटली की वरचा वारा बोचतो. बसमध्ये सहसा स्वच्छतागृह नसतं, चढण्याआधीच जाऊन या. बाबागाडी घडी घालून खाली ठेवावी लागते.

रात्रीच्या फेरीचं तिकीट बहुधा वेगळं असतं आणि मधे उतरता येत नाही. पॅरिसमध्ये ती घेणार असाल तर वेळ अशी निवडा की तासाच्या ठोक्याला बस आयफेल टॉवरजवळ असेल. अंधार पडल्यावर दर तासाला पहिली पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो.

खर्च वाचवायचा असेल तर शहराची साधी बसही तपासून पाहा. बर्लिनची १०० क्रमांकाची बस प्राणीसंग्रहालयापासून आलेक्झांडरप्लाट्झपर्यंत जाते. वाटेत विजयस्तंभ, राइशटाग या संसद भवनाचा परिसर आणि उंटर डेन लिंडेन हा प्रसिद्ध रस्ता लागतो. ती दुमजली आहे आणि नेहमीचं तिकीट चालतं. निवेदन नसतं आणि डेक बंद असतो, तेवढी तयारी ठेवा.