गावच्या वाचनालयात मोफत संगणकसेवा सुरू करताय? या चुका टाळा

लालबाग, परळ, गिरगावात कोकणातल्या कितीतरी गावांच्या गावकीच्या खोल्या आहेत आणि त्यांची ग्रामस्थ मंडळे आहेत. वर्गणी काढायची, एखाद्या ऑफिसातून निघालेले दोन-तीन संगणक मिळवायचे, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गावी न्यायचे आणि गणपतीत वाचनालयात फीत कापायची, ही रीत आता चांगलीच रुळली आहे. पण चाकरमानी मुंबईला परतले की दिवाळीच्या आत त्या खोलीला कुलूप लागते आणि ‘गावाला कशाची गरजच नाही’ असे बोलले जाते. हे खरे नाही. गरज असते. सेवा अडते ती तीस-चाळीस रुपयांच्या सेलमुळे, मुंबईतच राहिलेल्या पासवर्डमुळे, ओलसर कागदामुळे, नाहीतर लेकाच्या फोनवर गेलेल्या ओटीपीमुळे.

गणपतीत उद्घाटन करू नका

भाद्रपदात खोलीत ओल असते, विजेचा भरवसा नसतो आणि मुंबईकर पाच-सात दिवसांत परत निघतात. एखादी गोष्ट बिघडली तर ती नीट करायला वेळच मिळत नाही. संगणक जानेवारी-फेब्रुवारीत न्या, गाजावाजा न करता महिनाभर चालवा, काय बिघडते ते पाहा. फीत मे महिन्यात कापली तरी चालते.

त्याहून मोठी चूक म्हणजे माणूस न नेमणे. ‘पोरे बघतील’ यावर कुठलीही सेवा टिकत नाही. गावातलीच एक व्यक्ती ठरवा (बारावी झालेली मुलगी किंवा सून असेल तर उत्तम, कारण मग बायकाही बिनधास्त येतात), तिला दरमहा ठरलेले मानधन द्या आणि रोजचे दोनच तास बांधून घ्या. ते तास एसटीच्या वेळेशी जुळवा. वरच्या वाडीतला माणूस दुपारच्या गाडीने आला आणि कुलूप पाहून परत गेला, तर तो पुन्हा येत नाही.

ग्रंथालय १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यताप्राप्त असेल, ‘ड’ वर्गाचे असले तरी, दिलेली प्रत्येक वस्तू त्याच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढवा. देणगीचे पत्र द्या, त्यावर अनुक्रमांक लिहा. नाहीतर दोन वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा मंडळ म्हणते ‘आता ते वाचनालयाचे’ आणि वाचनालय म्हणते ‘ते तर मंडळाचे’.

ऑफिसातून निघालेला संगणक

फुकट मिळाला म्हणून उचलू नका, आधी उघडून पाहा. आत जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, तर तो सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटे घेईल आणि समोर बसलेली आजी कंटाळून उठेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि रॅमची आणखी एक पट्टी घ्या. जुन्या यंत्राला एवढ्याने नवी उभारी येते. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

विंडोज १०ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. तिथे चोरीची प्रत टाकण्यापेक्षा विंडोजच्या जागी चालणारे लिनक्स मिंट टाका. ते मोफत आहे, मराठी टंकलेखन त्यात चालते, आणि फॉर्म भरणे, छपाई, पीडीएफ वाचणे ही वाचनालयातली नव्वद टक्के कामे ब्राउझरमध्येच होतात. फक्त प्रिंटर त्यावर चालतो का, ते मुंबईतच जोडून पाहा.

एक बिघाड हमखास येतो आणि हमखास चुकीचा ओळखला जातो. संगणक सुरू होतो, इंटरनेटही असते, पण बँकेची किंवा सरकारी साइट उघडायला गेले की ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. सगळे नेटवाल्याला फोन लावतात. तुम्ही आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती अनेक वर्षे मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा बटणाएवढा सीआर२०३२ सेल संपला आहे. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते, आणि संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. यंत्राची वायर काढा, जुना सेल कडेच्या पत्र्यातून सोडवा, नवा अधिकची बाजू वर ठेवून बसवा, तारीख लावा. पाच मिनिटांचे काम आहे.

वीज, अर्थिंग आणि कागद

जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात बरे असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडे पडते. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशी तीन मापे घ्या. पहिली दोन साधारण २३० व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ यावीत, तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत राहावे. फेज-अर्थचे माप फारच कमी आले तर तिसरी पिन नुसती दिखाऊ आहे असे समजा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंगची दुरुस्ती स्वतः करू नका. संगणकाच्या पेटीला हात लागला की झिणझिण्या येणे ही तीच खूण आहे.

६०० व्हीएचा यूपीएस काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरता असतो, तासभर चालवण्यासाठी नव्हे. त्याला लेझर प्रिंटर कधीही जोडू नका. कागदावर शाई पक्की करणारा रोलर तापताना प्रिंटर एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि सोबत संगणकही जातो. प्रिंटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस वेगळा मिळतो, पण घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. वीज चमकायला लागली की बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग ओढून काढा. हा नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.

प्रिंटर निवडताना रंगीत इंकजेटचा मोह टाळा. महिनाभर न वापरल्यास त्याच्या हेडमधली शाई सुकते. साधा काळा-पांढरा लेझर घ्या. आणि जुलैत तो कागद अडकवू लागला तर मेकॅनिक बोलावण्याआधी कागदाला हात लावून पाहा. कोकणच्या हवेत उघडे राहिलेले रीम ओल धरते, कागद कडेने वळतो, दोन-दोन पाने एकत्र ओढली जातात आणि छपाई फिकट येते. ट्रेमध्ये त्या दिवसापुरती २०-२५ पानेच ठेवा. उरलेले रीम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अडकलेला कागद कागदाच्या चालीच्या दिशेनेच ओढा. उलटा ओढला तर फाटून तुकडा आत राहतो.

ओटीपी मुंबईला जातो

सगळ्यात जास्त कामे इथेच फसतात. गावातल्या अनेक म्हाताऱ्या माणसांच्या आधारला मुंबईतल्या मुलाचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, कारण कार्ड काढताना तोच हाताशी होता. बाबा वाचनालयात, ओटीपी परळला. मुलगा लोकलमध्ये असतो किंवा कामावर, तो फोन घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग चार वेळा प्रयत्न होतात आणि त्या सेवेकडून नवा ओटीपी मिळणेच काही काळ थांबते.

यावर घाईचा उपाय म्हणून स्वयंसेविकेने स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल सगळ्यांच्या खात्यांना देणे, ही या सेवेतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की पन्नास घरांच्या किल्ल्या तिच्यासोबत जातात, आणि उद्या कुणाचे पैसे गेले तर बोट तिच्याकडेच दाखवले जाईल. पक्का उपाय म्हणजे आधार केंद्रात जाऊन अंगठा देऊन त्या माणसाचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घेणे. त्यासाठी जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. तोवर मुलाशी आधी वेळ ठरवा. फोन बाबांनी स्वतः लावावा, कशाचा ओटीपी येणार हे मुलाला आधी सांगावे, आणि तो आकडा कागदावर लिहू नये.

ई-आधारची (नेटवरून उतरवलेल्या आधारची) फाइल ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणते तेव्हा लोक ओटीपीच टाकत बसतात. पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्माचे वर्ष. सुरेश, जन्म १९५८, तर एस-यू-आर-ई आणि १९५८. गावात ज्या नावाने हाक मारतात ते नाही, कार्डावर छापलेले नाव बघा. झेरॉक्स कुठे द्यायचीच असेल आणि चालत असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे मास्क्ड आधार काढून द्या.

काम झाले की खुर्ची सोडण्याआधी तीन गोष्टी करा: डाउनलोड फोल्डर रिकामे, रिसायकल बिन रिकामी, ब्राउझरची खिडकी बंद. ब्राउझर अतिथी खिडकीतच उघडायची सवय लावा, म्हणजे पासवर्ड साठत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून कागद मागवले असतील तर त्या माणसाच्या फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन संगणक काढून टाका. हे विसरले तर पुढच्या माणसाला आधीच्याचे सगळे निरोप दिसतात.

हयातीचा दाखला आणि सातबारा

मुंबईतल्या गिरण्या-कारखान्यांतून निवृत्त होऊन गावी आलेल्यांना हयातीच्या दाखल्यासाठी वाचनालयाचा फार मोठा आधार होतो. त्यासाठी संगणकही लागत नाही. अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप लागतात. चेहरा घेतला जात नसेल तर बहुतेक वेळा काकांना दारात, प्रकाशाकडे पाठ करून बसवलेले असते. त्यांना खिडकीकडे तोंड करून, मागे साधी भिंत येईल असे बसवा, चष्मा काढा, आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करू द्या. पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक पाठ म्हणून घेऊ नका, कागदावरून बघून टाका.

प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. पेन्शन देणारे कार्यालय चुकीचे निवडले किंवा पीपीओचा एक आकडा चुकला तरी आयडी तयार होतो आणि दाखला नंतर नाकारला जातो. चार दिवसांनी स्थिती तपासा. सरकारी निवृत्तिवेतनाचा दाखला नोव्हेंबरात लागतो. पण कर्मचारी पेन्शन योजना १९९५ची पेन्शन असेल तर दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. या लोकांना नोव्हेंबरच्या गर्दीत बसवू नका.

सातबाऱ्याचा घोळ वेगळा. भूलेखच्या साइटवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. तो छापून तालुक्याला नेला की परत पाठवतात आणि माणसाची एक फेरी वाया जाते. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो आणि त्याला १५ रुपये पडतात. वाचनालयाची सेवा मोफत असली तरी सरकारी शुल्क मोफत नाही, हे आधी सांगा. हे पैसे वाचनालयाच्या खात्यातून भरू नका, हिशोब कधीच जुळत नाही.

फॉर्म आणि मराठी टंकलेखन

नोकरीच्या फॉर्मवर फोटो चढत नाही, ही रोजची तक्रार. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. आधी कापा, मग पिक्सेल कमी करा आणि शेवटी दर्जा. उलट केले तर चेहरा पुसट होतो. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी फॉर्मवर भरणा पोचला का ते पाहा.

जुन्या फाइलमधले मराठी उघडल्यावर इंग्रजी चिन्हांची रांग दिसते, ती फाइल खराब झालेली नसते. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली असते. नवे काम फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत करा. सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडा. विंडोजवर, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. ळ मिळत नाही म्हणून ‘ल’ टाकून कागद बिघडवू नका: शिफ्ट आणि एन दाबले की ळ येतो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. वेलांटी पहिली असली तरी व्यंजनानंतरच दाबायची.

वर्ग भरत नाहीत तेव्हा

बायकांसाठी मोफत वर्ग ठेवला आणि कुणी आले नाही, तर आधी पंचांग बघा. लावणीच्या दिवसांत आणि भातकापणीत कुणाला सवड नसते. दुपारी दोन ते चार, सहा जणींपेक्षा जास्त नाही, आणि पहिला धडा माउसचा नव्हे तर त्यांच्याच फोनचा: अक्षर मोठे करणे, मराठीत बोलून टंकणे, नको तो नंबर अडवणे. बचत गटाच्या वहिनींना एक वाक्य पाठ होऊ द्या: पैसे मिळायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायचा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

मुलांसाठी नेट लागतेच असे नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. किविक्स हा मोफत प्रोग्राम टाकून मराठी विकिपीडिया मुंबईहून पेनड्राइव्हवर नेला, तर रेंज नसतानाही तो उघडतो.

मंडळाच्या पुढच्या फेरीत एक प्लास्टिकचा डबा न्या आणि वाचनालयाच्या कपाटात ठेवा: सीआर२०३२चे दोन सेल, एक माउस, एक कळफलक, राउटरचा जादा अडॅप्टर, एक टोनर, मल्टिमीटर, लहान स्क्रूड्रायव्हर, आणि ज्यावर संगणकाचा, वायफायचा व राउटरचा पासवर्ड लिहिला आहे असे बंद पाकीट. पाकिटाची दुसरी प्रत अध्यक्षांच्या घरी नव्हे, ग्रंथपालांच्या कुलपात.