इंटरनॅशनल रिलेशन्ससाठी ब्रिटन की अमेरिका? लोनची फाइल उघडण्याआधी हे बघा

वाशीला सेक्टर १७ मध्ये एका बँकेत एज्युकेशन लोनचं टेबल मी सांभाळते. एमएस, एमबीएच्या फाइली रोजच्याच. इंटरनॅशनल रिलेशन्सची (आयआरची) फाइल आली की आईवडील जरा चाचरतच खुर्चीत टेकतात. ‘मॅडम, ह्यात स्कोप आहे ना?’ तेवढ्यात मुलगी मोबाइलवर रँकिंगची यादी पुढे करते. ती यादी मी आधी बाजूला ठेवायला लावते.

माझा पहिला प्रश्न असतो: कोर्सच्या दुसऱ्या वर्षाचे विषय वाचलेस का? आयआरचे सुरुवातीचे पेपर सगळीकडे साधारण सारखेच, कोर्सचा खरा कल दुसऱ्या वर्षात दिसतो. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून हाच विषय. यूसीएएसच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक, अर्जात पाच कोर्स निवडता येतात, पण पर्सनल स्टेटमेंट (हाच विषय का, हे सांगणारं तुमचं लेखन) पाचही ठिकाणी एकच जातं. तेव्हा दोन ठिकाणी आयआर, दोन ठिकाणी लॉ आणि एक सायकॉलॉजी असला प्रकार तिथे चालत नाही. अमेरिकेत चार वर्षांची पदवी, आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा. तोवर इकॉनॉमिक्स, अरबी, स्टॅटिस्टिक्स, जे जमेल ते चाखून बघता येतं. म्हणजे अठराव्या वर्षी ज्याचं पक्कं ठरलंय त्याने ब्रिटन बघावं. ज्याचं दर सहा महिन्यांनी बदलतं त्याने अमेरिका. (आणि बदलतं हे आईबाबांना आधीच सांगून टाकावं.)

शिकवण्याची धाटणीही वेगळी. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला या विषयाचा जगातला पहिला विभाग निघाला. इतिहास, कायदा, तत्त्वविचार यांचा पगडा ब्रिटनमध्ये अजून जाणवतो. युद्ध आणि संरक्षणाची ओढ असेल तर लंडनच्या किंग्ज कॉलेजचा वॉर स्टडीज विभाग बघा. आशिया-आफ्रिकेत रस असेल तर लंडनचंच सोआस विद्यापीठ. अमेरिकेत हा विषय बऱ्याच विद्यापीठांत पोलिटिकल सायन्सच्या पोटात येतो आणि आकडेवारीवर जास्त भर असतो. गणिताला कंटाळून आर्ट्सला आलेल्यांनी तिथले ‘मेथड्स’चे (संशोधनपद्धतींचे) पेपर उघडून बघावेत. जॉर्जटाउनचं स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस, तेही १९१९ चंच, पदवीसाठी परकी भाषा नीट येण्याची अट घालतं. भाषेची आवड असेल तर ही अट वरदानच.

आता पैसे, म्हणजे माझं खातं. इंग्लंडची पदवी तीन वर्षांची, अमेरिकेची चार, स्कॉटलंडमध्येही चारच. सेंट अँड्र्यूजच्या ऑफर लेटरवर ‘एमए’ दिसलं म्हणून ती पदव्युत्तर समजू नका, तिथली पहिलीच पदवी तशी असते. चौथं वर्ष म्हणजे एका वर्षाची फी, राहणं-खाणं आणि तोवर चढलेलं व्याज. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी विद्यापीठं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत आणि गरजेइतकी मदत करतात. ब्रिटनमध्ये पदवीसाठी एवढी मदत क्वचितच. पण हार्वर्ड-येलसारख्या ठिकाणी प्रवेश मिळणं म्हणजे काय, हे मुलांना माहीत असतं. बजेट मदतीच्या भरवशावर आखू नका.

एक हिशेब मी कागदावर मांडूनच दाखवते. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत कोर्स संपल्यावर एक वर्षाने हप्ता सुरू होतो. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) विषयांना आणखी २४ महिने मिळतात, पण आयआर बहुतेक ठिकाणी त्यात बसत नाही. आय-२० वरचा (विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवरचा) सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा कोड, बघून खात्री करा. म्हणजे डॉलरमधला पगार थांबायला आणि ईएमआय सुरू व्हायला एकच मुहूर्त. ब्रिटनमध्ये पदवीनंतर कामासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना १८ महिनेच मिळणार. दोन्हीकडे परराष्ट्र खात्यातल्या राजनैतिक नोकऱ्या त्यांच्या नागरिकांसाठी. आणि आपल्या आयएफएससाठी यूपीएससी द्यावी लागते. तिला परदेशी पदवी लागत नाही.

म्हणून बऱ्याच जणांना मी तिसरी वाट सुचवते: बीए इथेच करा आणि मास्टर्सला जा. ब्रिटनचं मास्टर्स बहुधा एक वर्षाचं आणि आपली तीन वर्षांची बीए तिथे चालते. अमेरिकेत ते साधारण दोन वर्षांचं, आणि काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. तीन वर्षांची बीए असेल तर आधी ईमेलने विचारून घ्या. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंट मुंबईतच आहे; पण ती कर्जरूप शिष्यवृत्ती, परत फेडायची असते.

राहिली कागदपत्रं. एचएससी बोर्डवाल्यांनी ब्रिटिश विद्यापीठाच्या ‘इंडिया’ पानावर राज्य मंडळासाठी किती टक्के मागितलेत ते वेगळं बघावं. सीबीएसईचा आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवत असाल तर ते खात्यात सलग २८ दिवस हवेत, म्हणून एफडी शेवटच्या आठवड्यात मोडू नका. बँकेच्या कर्जातून जाणाऱ्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही. आणि घर तारण ठेवणार असाल तर नवी मुंबईतली बरीचशी घरं सिडकोच्या लीजवर आहेत, त्यांना सिडकोची एनओसी लागते. सोसायटीच्या सेक्रेटरीला शेअर सर्टिफिकेटसाठी डिसेंबरातच गाठा. जूनमध्ये तो गावाला गेलेला असतो.