आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची कापलेली नळी

गिरगावातल्या घरी भिंतीवर टांगलेल्या बंदुकीची नळी कुणीतरी करवतीने कापली होती. लाकडी दस्त्यातली खाच पुढे साडेचार इंच रिकामी आणि तोंडाकडून दारू ठासायचा खालचा गज उघडा पडलेला, दात पडल्यासारखा. टोकावरची नेम धरायची माशीही गेलेली. रिकामी खाच नि गज मोजले, मूळ लांबी तिथेच सापडली.

पहिलं काम म्हणजे गज आत सरकवून खूण करायची आणि तीच लांबी बाहेरून नळीला लावून बघायची. खूण मागच्या बत्तीच्या भोकापर्यंत, म्हणजे दारू पेटवायच्या छिद्रापर्यंत पोचली, म्हणजे आत जुना बार (दारू-गोळी) नाही. हे वगळू नका. आमची नळी मागून वितळवून कायमची बुजवलेली आहे, दुरुस्त करूनही ती चालणार नाही. अशा जुन्या वस्तूला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. चालू बंदुकीला मी हात लावला नसता.

नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून लोखंडी गोल सळई आणली. लेथवाल्याकडून तिला मागे दीड इंचाची खुंटी काढून घेतली, नळीच्या भोकात बोटाने दाबून बसेल इतकी. एपॉक्सीने चिकटवली. जुन्या नळीसारखे आठ पैलू मात्र कानशीने घरीच, तीन रविवार. पहिला पैलू तिरका गेला, तो आता भिंतीकडे आहे.

रंगाचं टेन्शन होतं, पण जुलै कामी आला. मिठाच्या पाण्याचा हात, रात्रभर दमट हवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासणं. सहाव्या फेरीला जुन्याशी मिळता तपकिरी गंज धरला. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन जवसाचं तेल. सांधा नखाला लागतो, डोळ्याला नाही.